टेक्निकल युनिव्हर्सिटीत मॅनेजमेंट घ्यायचं असेल तर आधी तिसऱ्या सेमिस्टरची पानं उघड

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजलं ते असं. एका टेक्नॉलॉजीवाल्या युनिव्हर्सिटीत तुला प्रवेश मिळतोय, गणित जमतं पण आवडतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कोडिंग एकदा करून बघितलंस आणि कंटाळलास, घरचे म्हणतायत की तिथे जातोच आहेस तर इंजिनिअरिंगच घे ना, आणि समोर चार पर्याय आहेत: साधी मॅनेजमेंटची डिग्री, बिझनेस ॲनालिटिक्सचं (म्हणजे आकडेवारी तपासून धंद्यातले निर्णय घेण्याचं) स्पेशलायझेशन असलेली मॅनेजमेंटची डिग्री, मॅनेजमेंट आणि टेक्नॉलॉजी मिक्स असलेली डिग्री, किंवा इंजिनिअरिंग घेऊन सोबत मॅनेजमेंटचा मायनर, म्हणजे चार-सहा विषयांचा जोडकोर्स. यातलं बेस्ट कुठलं, असं विचारलंयस. आणि अगदी शेवटी हळूच टाकलंयस, "इंजिनिअरांच्या गराड्यात मॅनेजमेंटवाल्यांना कोणी विचारतं का?"

खरा प्रश्न तो शेवटचाच आहे असं मला वाटतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "तुझ्यावर आणि त्या युनिव्हर्सिटीवर अवलंबून आहे" इतकंच निघतं आणि त्याने तुझं काही भलं होणार नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लागलं तर पहिल्याचं बरंचसं आपोआप लागतं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुला ठरवता येईल. मी सात वर्षं एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते, मग शिकवायला आले, आता सतरा वर्षं झाली, विषय ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन, शिवाय पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विषय निवडायला मदत करणं हेही माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे माझा काटा आकडेवारीकडे झुकलेला आहे, मार्केटिंगवाल्या कुणाला विचारलंस तर ते यातली निम्मी वाक्यं खोडतील, आणि त्यातली काही बरोबरच खोडतील.

आता गराड्याबद्दल. मॅनेजमेंट हा विषय इंजिनिअरिंगच्या घरात नंतर आलेला पाहुणा आहे असं सगळे धरून चालतात. उलट आहे. कामाचे तुकडे करून घड्याळ लावून मोजणारा फ्रेडरिक टेलर आणि प्रोजेक्टच्या त्या आडव्या पट्ट्यांच्या चार्टला ज्याचं नाव आहे तो हेन्री गँट, दोघेही अमेरिकेतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे मेकॅनिकल इंजिनिअर. एमआयटीने १९१४ मध्ये जो कोर्स सुरू केला त्याचं नावच इंजिनिअरिंग ॲडमिनिस्ट्रेशन होतं, तोच पुढे वाढत जाऊन त्यांचं आजचं बिझनेस स्कूल, स्लोन स्कूल, झालं. कार्नेगी टेकने, म्हणजे आजच्या कार्नेगी मेलनने, १९४९ मध्ये इंडस्ट्रियल ॲडमिनिस्ट्रेशनचं स्कूल काढलं आणि तिथेच हर्बर्ट सायमन बसून माणसं निर्णय कसे घेतात त्यावर काम करत होते, त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जर्मनीत तर इंजिनिअरिंग आणि बिझनेस एकत्र शिकवणाऱ्या विषयाला विर्टशाफ्ट्सइंजिनिअरवेझन असं लांबलचक स्वतंत्र नाव आहे आणि त्याची परंपरा बर्लिनच्या टेक्निकल हायस्कूलपासून, म्हणजे १९२० च्या दशकापासूनची. (हायस्कूल म्हणजे तिकडे शाळा नव्हे हं, युनिव्हर्सिटीच्या दर्जाची संस्था.)

म्हणजे घर तुझंही आहे. पण घरात राहून स्वयंपाकघराकडे कधी फिरकायचंच नाही असं ठरवलंस तर मग पाहुणाच राहशील, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. टेक युनिव्हर्सिटीतल्या मॅनेजमेंट डिग्रीची किंमत दोन गोष्टींत असते, एक म्हणजे तिथलं जरा जड गणित-स्टॅटिस्टिक्स आणि दुसरी म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधली लॅब आणि तिथली पोरं. या दोन्ही टाळून डिग्री घ्यायची असेल तर सरळ चांगल्या कॉमर्स किंवा बिझनेसच्या कॉलेजात जा, तिथे अकाउंट्स, कायदा, मार्केटिंग जास्त बरं शिकवतात, माजी विद्यार्थ्यांचं जाळंही त्या धंद्यातलं असतं. टेक युनिव्हर्सिटीत येऊन गणितापासून पळायचं आणि लॅबपासूनही पळायचं म्हणजे दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात.

"जड गणित" म्हटलं की पोरं घाबरतात म्हणून एक नमुना दाखवते, दुसऱ्या वर्षाला मी पहिल्याच आठवड्यात घेते. दवाखान्याची ओपीडी आहे. तासाला ३० पेशंट येतात. आल्यापासून बाहेर पडेपर्यंत प्रत्येकाला सरासरी ४० मिनिटं लागतात. तर कुठल्याही क्षणी आत किती माणसं असतील? लोक अंदाज मारायला लागतात, डॉक्टर किती, गर्दी कधी होते, वगैरे. काही लागत नाही. ३० गुणिले दोन तृतीयांश तास, बरोबर २०. याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध करून मांडला. आता समजा खुर्च्या १२ आहेत, म्हणजे सरासरी ८ माणसं उभी. सगळ्यांना बसवायचं असेल तर एकतर वेळ ४० वरून २४ मिनिटांवर आणा, नाहीतर अपॉइंटमेंट देऊन तासाला १८ च लोक येऊ द्या, नाहीतर खुर्च्या वाढवा, चौथा रस्ता नाही. (खरं तर सरासरी १२ आली तरी गर्दीच्या वेळी काहीजण उभे राहणारच, पण तो पुढचा धडा.) गणित म्हणून यात काय आहे? गुणाकार. पण हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये "स्टाफ नीट काम करत नाही" या विषयावर तासभर भांडण चाललेलं असताना हे तीन आकडे फळ्यावर लिहिणारा माणूस लागतो, आणि तो माणूस तयार करणं हे या डिग्रीचं काम आहे. हे वाचताना तुला जरा मजा आली असेल तर पुढे वाच. नुसतंच "बरं मग?" वाटलं असेल तर तेही प्रामाणिकपणे लक्षात ठेव.

आता पर्याय.

साधी मॅनेजमेंटची डिग्री, बीबीए म्हण, बीएस म्हण, बीएमएस म्हण, नाव देशागणिक बदलतं. अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, मार्केटिंग, ऑर्गनायझेशनल बिहेविअर, थोडा कायदा, थोडं फायनान्स, शेवटी स्ट्रॅटेजी. वाईट अजिबात नाही. तिचा फायदा हा की दोन वर्षं सगळ्याची चव घेऊन मग ठरवता येतं, आणि तोटाही नेमका तोच, कारण न ठरवताही डिग्री मिळते. मी बघितलेली सगळ्यात हुशार मुलं आणि सगळ्यात भरकटलेली मुलं दोन्ही इथलीच. मोकळ्या इलेक्टिव्हच्या, म्हणजे स्वतः निवडायच्या विषयांच्या, जागा किती आहेत ते बघ. भरपूर असतील आणि त्या कॉम्प्युटर किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या विषयांना वापरता येत असतील तर हीच डिग्री तू स्वतःच मिक्स करून घेऊ शकतोस. जॉर्जिया टेकमध्ये डेनिंग प्रोग्राम आहे त्यात बिझनेसची, इंजिनिअरिंगची आणि कॉम्प्युटिंगची मुलं मुद्दाम एकाच वर्गात, एकाच प्रोजेक्टवर बसवतात. तुझ्याकडे असं काही आहे का ते विचार, नाव वेगळं असेल.

बिझनेस ॲनालिटिक्सबद्दल जरा जास्त बोलते कारण सध्या सगळ्यांना तेच हवंय आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. हे नाव दोन अगदी वेगवेगळ्या गोष्टींना लावलेलं असतं. एका ठिकाणी प्रोबॅबिलिटी, रिग्रेशन (एक आकडा दुसऱ्यावर किती अवलंबून आहे ते काढणं), ऑप्टिमायझेशन (सगळ्यात फायद्याचा पर्याय गणिताने शोधणं), एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), एखादी प्रोग्रामिंग भाषा, सिम्युलेशन असं सगळं येतं. एमआयटीत मॅनेजमेंट, बिझनेस ॲनालिटिक्स आणि फायनान्स असे तीन वेगळे अंडरग्रॅज्युएट मेजर आहेत आणि ॲनालिटिक्सवाल्याला गणित चुकवता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी मात्र जुनाच बीबीए असतो, त्यात दोन विषय घातलेले, एकात डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचे तयार आलेख दाखवणारा पडदा, बनवायला शिकवतात आणि दुसऱ्याचं नाव "बिग डेटाची ओळख". डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर तू सुट्टीत घरी बसून शिकशील रे, त्यासाठी डिग्री नको. रिग्रेशन मात्र घरी बसून कोणी शिकत नाही, म्हणजे बटण दाबायला शिकतात, पण बटण दाबल्यावर आलेला आकडा खोटं बोलतोय हे ओळखायला कोणीतरी वर्गात तुमची चूक सगळ्यांसमोर दाखवावी लागते.

कोडिंगचा कंटाळा आला म्हणालास. काय केलं होतंस ते लिहिलं नाहीस. पडद्यावर त्रिकोणात चांदण्या छापायचे प्रोग्राम केले असतील तर कंटाळा येणारच, मलाही आला होता. पण तुझ्याच कुठल्यातरी गोंधळाच्या फाइलमधून, समजा वर्षभराच्या मॅचच्या स्कोअरमधून किंवा घरातल्या खर्चाच्या यादीतून, तुला हवा असलेला प्रश्न विचारून उत्तर काढायला दहा ओळी लिहून बघ. तेव्हाही कंटाळा आला तर ॲनालिटिक्स तुझं नाही, विषय संपला, आणि त्यात काही कमीपणा नाही.

इथे माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, गणितात छान मार्क, मी मार्क बघून सरळ सांगितलं ॲनालिटिक्स घे. दीड वर्ष त्याने रेटलं. पास होत होता पण चेहरा बघवत नव्हता. एकदा कॉरिडॉरमध्ये मी त्याला एका सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी बोलताना बघितलं, वीस मिनिटं तो त्या माणसाला प्रश्न विचारत होता, हे कुठे बसतं, बिघडलं की कोण दुरुस्त करतं, ग्राहक आधी काय वापरत होता. मग डोक्यात प्रकाश पडला की हा टेक्निकल सेल्सचा माणूस आहे, याला माणसं आणि मशीन दोन्ही आवडतात, आकड्यांची शीट आवडत नाही. स्पेशलायझेशन बदललं, त्यात काही क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची मोजदाद) वाया गेले आणि एक सेमिस्टर वाढलं, ते माझ्या खात्यावर. तेव्हापासून मी मार्क शेवटी बघते. आधी विचारते की शाळेत ग्रुपचं काम असायचं तेव्हा तू कुठला भाग स्वतःहून उचलायचास. तू पण या प्रश्नाचं उत्तर लिहून काढ, कोणाला दाखवू नकोस, म्हणजे खरं लिहिशील.

मिक्स डिग्री. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचा मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी हा याचा चांगला नमुना. मोठा भाग मॅनेजमेंट आणि इकॉनॉमिक्सचा, पण सोबत एक तांत्रिक विषय घ्यावाच लागतो, मेकॅनिकल, इन्फॉर्मॅटिक्स, केमिस्ट्री असा, आणि तो तोंडी लावायला नसतो. कॅनडात वॉटर्लूला मॅनेजमेंट इंजिनिअरिंग आहे, ती मात्र सरळ इंजिनिअरिंगचीच डिग्री, आणि तिथे को-ऑप पद्धत आहे म्हणजे चार महिने वर्ग, चार महिने नोकरी असं आलटून पालटून. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा जेरोम फिशर प्रोग्राम आणखी वेगळा, त्यात व्हार्टनची, म्हणजे तिथल्या बिझनेस स्कूलची, एक आणि इंजिनिअरिंगची एक अशा दोन पूर्ण डिग्र्या एकत्र होतात. म्हणजे "मिक्स" या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार झाले: मॅनेजमेंटची डिग्री ज्यात टेक आहे, इंजिनिअरिंगची डिग्री ज्यात मॅनेजमेंट आहे, आणि दोन्ही. तुझी कुठली आहे? सर्टिफिकेटवर शेवटी काय छापून येणार ते ऑफिसला लेखी विचार. पुढे एखाद्या मास्टर्सला किंवा नोकरीला "इंजिनिअरिंगची पदवी आवश्यक" असं असलं तर तिथे तो छापलेला शब्दच बघतात, तू लॅबमध्ये किती तास घालवलेस ते कोणी बघत नाही.

मला स्वतःला ही मिक्स डिग्री सगळ्यात जास्त आवडते, का ते एका प्रसंगातून सांगते. फायनल इयरचे प्रोजेक्ट आम्ही मिसळून देतो. एक टीम पाणी तपासायचं हातात मावेल एवढं यंत्र बनवत होती, दोन इलेक्ट्रॉनिक्सची मुलं आणि एक मॅनेजमेंटची मुलगी. रिव्ह्यूला तिने पार्टची यादी उघडली, ४३ ओळी, शेवटचा कॉलम "ऑर्डर दिल्यापासून किती आठवड्यांत येणार". सगळीकडे २, ३, २, ४ आणि मधेच एका ओळीत १८, ती ओळ तिने पिवळी केली होती. एक फालतू कनेक्टर. डेमोला १० आठवडे राहिलेले. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला, "अगं तो छोटासा पार्ट आहे, त्याचं काय." ती म्हणाली, "छोटा आहे म्हणूनच कोणी बघितलं नाही. याच फूटप्रिंटमध्ये बसेल असा दुसरा आहे का?" (फूटप्रिंट म्हणजे सर्किट बोर्डवर त्या पार्टसाठी ठेवलेली जागा आणि भोकं.) मग तिघांनी कॅटलॉग उघडला, ड्रॉवर उपसले, एक सापडला, त्यासाठी बोर्डवरची दोन भोकं थोडी सरकवावी लागणार होती, बोर्ड अजून छापायला गेलं नव्हतं, अर्ध्या तासात काम झालं. तिने स्वतः एकही सोल्डरिंग केलेलं नव्हतं. पण फूटप्रिंट म्हणजे काय, आणि बोर्ड छापायला जायच्या आधी बदल फुकट असतो आणि नंतर महाग, हे तिला माहीत होतं, कारण दुसऱ्या वर्षी तिने इलेक्ट्रॉनिक्सची लॅब केली होती, कुरकुरत का होईना.

त्याच दिवशी दुसरी टीम होती, तिथल्या मॅनेजमेंटच्या मुलाने बाजारपेठ किती मोठी आहे यावर २२ स्लाइड केल्या होत्या, सुंदर होत्या. किमतीच्या तक्त्यात जोडणीची मजुरीच धरलेली नव्हती. मी विचारलं, हे जोडायला किती वेळ लागतो? त्याने इंजिनिअरकडे बघितलं. या मॅनेजमेंटच्या मुलाने ते यंत्र तोवर हातात घेतलेलंच नव्हतं. "मॅनेजमेंटवाल्यांना कोणी विचारतं का" याचं उत्तर मला वाटतं या दोन टीममध्ये आहे. त्या मुलीला नंतर इलेक्ट्रॉनिक्सची पोरं आपणहून शोधत यायची, यादी तपासून दे म्हणून.

इंजिनिअरिंग आणि सोबत मॅनेजमेंटचा मायनर, म्हणजे घरच्यांचा पर्याय. घरचे चूक नाहीत. ज्याला एखादं इंजिनिअरिंग खरंच आवडतं त्याने हेच करावं, मॅनेजमेंट नंतर शिकता येतं, थर्मोडायनॅमिक्स नंतर शिकायला कोणी बसत नाही. पण "डिग्री सेफ आहे म्हणून" चार वर्षं न आवडणारी इंजिनिअरिंग करणं आणि मायनरच्या चार-सहा विषयांवर जगणं, हे मी खूप बघितलंय. मुख्य विषयात मार्क घसरतात, मग मायनर कितीही छान असला तरी आधी बघणारा माणूस मार्कच बघतो. तू तुझ्या प्रश्नात कुठलं इंजिनिअरिंग ते लिहिलंच नाहीस. म्हणजे तुला त्यातलं एकही ओढत नसावं, असं मी धरते, चुकत असेन तर सांग.

काही ठिकाणी पाच वर्षांची इंटिग्रेटेड डिग्री असते, शेवटी मास्टर्स मिळते. तिच्याबद्दल एवढंच विचार, तीन किंवा चार वर्षांनी बाहेर पडता येतं का आणि पडलं तर हातात काय मिळतं. मधेच दार असेल तर विचार करण्यासारखी आहे. नसेल तर शाळा संपताना पाच वर्षांचा निर्णय एकदम घेऊ नकोस.

आता देशाप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी. तू कुठल्या देशात अर्ज करतोयस ते लिहिलेलं नाही आणि याने फार फरक पडतो. भारतात असशील तर २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्ससुद्धा एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या सरकारी परिषदेच्या, मान्यतेखाली आले आहेत, तेव्हा मान्यता आहे का बघून घे. आणि २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स असे दोन टप्पे असतात, तुझ्या कॉलेजात चौथं वर्ष खरंच चालू आहे की फक्त माहितीपत्रकात आहे ते विचार. युरोपात १९९९ च्या बोलोन्या करारानंतर बऱ्याच ठिकाणी बॅचलर्स तीन वर्षांची, १८० क्रेडिटची, आणि तिकडचा एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात. अमेरिकेत चार वर्षं आणि साधारण १२० क्रेडिट, पण तो क्रेडिट वेगळा, त्यामुळे १८० मोठे की १२० मोठे असली तुलना करत बसू नकोस.

अमेरिकेला बाहेरून जाणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट आहे जी माहितीपत्रकात कोपऱ्यात असते. डिग्रीनंतर कामाचा अनुभव घ्यायला विद्यार्थी व्हिसावर १२ महिने मिळतात, आणि कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने वाढवून मागता येतात. हे कोर्सच्या नावावर ठरत नाही, त्याला दिलेल्या सरकारी कोडवर ठरतं. साध्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचा कोड ५२.०२०१, तो यादीत नाही. मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१, तो आहे. विषय पुष्कळसे सारखे असलेल्या दोन डिग्र्यांना वेगळे कोड असू शकतात. ऑफिसला ईमेल करून कोड मागायचा, लाजायचं नाही. फक्त असे नियम बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी पुन्हा तपास.

आणि माहितीपत्रकावरचे ते मान्यतेचे लोगो. एएसीएसबी ही बिझनेस स्कूलना मान्यता देणारी १९१६ पासूनची संस्था आहे, तिची मान्यता चांगली गोष्ट आहे, पण ती अख्ख्या बिझनेस स्कूलला असते, तुझ्या कोर्सला वेगळी नसते. लोगो आहे म्हणून ॲनालिटिक्सच्या वर्गात रिग्रेशन शिकवतातच असं नाही.

"नंतर एमबीए करायचंच आहे मग आता मॅनेजमेंट कशाला" हा प्रश्न तू विचारला नाहीस पण घरून येईल. बरोबर शंका आहे. एमबीएचं पहिलं वर्ष बीबीएवाल्याला बरंचसं ओळखीचं वाटतं. पण बहुतेक चांगले एमबीए आधी काही वर्षं नोकरी केलेली माणसं घेतात, म्हणजे मधली वर्षं तुला काहीतरी काम येत असायलाच हवं, आणि ते काम तुला या डिग्रीतून मिळणार की नाही हाच आत्ताचा मुद्दा. म्हणून मी फिरून फिरून तिथेच येते की या डिग्रीतून हाताला काय येतं.

तर माझा कल सांगते, तू लिहिलंयस तेवढ्यावरून. मिक्स डिग्री, जर तिच्यातला टेकचा भाग खरा असेल तर. नसेल तर साधी मॅनेजमेंट घेऊन इलेक्टिव्ह ऑपरेशन्स आणि इन्फर्मेशन सिस्टिम्सकडे वळव. ॲनालिटिक्स फक्त त्या दहा ओळी लिहून मजा आली तरच. इंजिनिअरिंग अधिक मायनर तेव्हाच जेव्हा तू मला इंजिनिअरिंगच्या एका शाखेचं नाव न अडखळता सांगशील.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी एक काम कर. अभ्यासक्रमाची पूर्ण पीडीएफ मिळव, जाहिरातीची नाही, युनिव्हर्सिटीच्या ॲकॅडमिक सेक्शनची, आणि तिसरं आणि चौथं सेमिस्टर उघड. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच दिसतं आणि शेवटचं वर्ष सगळीकडे भारी दिसतं, खरं काय ते मधे कळतं. स्टॅटिस्टिक्सचा एकच पेपर आहे की दोन? दुसऱ्याला पहिला पास असण्याची अट आहे का? अट असणं चांगलं लक्षण, म्हणजे कोणीतरी विचार करून रचलंय. एखादा तरी विषय दुसऱ्या डिपार्टमेंटच्या लोकांबरोबर आहे का? इंटर्नशिपला क्रेडिट आहेत का, आणि नसेल मिळाली तर त्याऐवजी "रिपोर्ट सादर करावा" असं लिहिलंय का? तसं असेल तर किती जण रिपोर्टच सादर करतात ते विचार. कोर्स मधे बदलता येतो का, कितव्या सेमिस्टरपर्यंत, आणि बदलल्यावर क्रेडिट जातात की राहतात, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाक.

मग तिथे तिसऱ्या वर्षाला असलेलं कोणीतरी शोध, ओळखीचं असलंच पाहिजे असं नाही, मुलं सांगतात, उलट आवडीने सांगतात. त्याला प्लेसमेंट कशी असते वगैरे विचारू नकोस, ते सगळे पाठ केलेलं बोलतात. त्याला म्हण, तू शेवटचं जे मोठं सबमिशन केलंस ती फाइल दाखवतोस का. ती फाइल स्लाइडची निघाली, एक्सेलची निघाली की कोडची, आणि त्यातलं काय त्याला स्वतःला समजावून सांगता आलं, एवढं इथे लिही. पुढचं मग बोलू.